डावीकडचा आतला सांधा

गल्लीच्या शेवटी, लाकडाच्या वखारीला लागून पत्र्याची एक शेड होती. शेडच्या मधोमध माणूस उभा राहील एवढा खोल, लांबट खड्डा. त्यावर गाडी आणून उभी करायची आणि खाली उतरून तिचं पोट बघायचं. या खड्ड्यात नाडीवाल्याची तीस वर्षं गेली. बाहेर पाटी होती, पाटीवर त्याचं खरं नावही होतं, पण धूर आणि तेलाच्या थराखाली ते कधीच दिसेनासं झालं होतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. जुन्या गाडीचं स्टिअरिंग ढिलं झालं की लोक एकमेकांना एवढंच सांगत, "नाडीवाल्याकडे ने."

हे नाव त्याला पडलं ते त्याच्या बोटांमुळे. स्टिअरिंगचं चक्र आणि पुढची चाकं यांच्यामध्ये दांड्यांची एक साखळी असते. दांडा दांड्याला जिथे मिळतो तिथे सांधा असतो, वाटीत गोळी बसावी तसा. वर्षानुवर्षं फिरून वाटी झिजते, गोळी खुळखुळायला लागते, आणि मग चक्र चार बोटं फिरवलं तरी चाक ढिम्म. अशी गाडी आली की नाडीवाला ती चालवूनसुद्धा बघत नसे. खड्ड्यात उतरायचा, वर चक्रावर कुणाला तरी बसवायचा आणि ओरडायचा, "हलवा!" वरचं माणूस चक्र इंचभर इकडे, इंचभर तिकडे करत राही आणि खाली हा डोळे मिटून एकेका सांध्यावर दोन बोटं ठेवून उभा. अर्धं बोट या दांड्यावर, अर्धं त्या दांड्यावर. दोन्ही एकदम हलले तर सांधा धडधाकट. दुसरा पहिल्याच्या केसभर मागून हलला तर गेला. तो केसभर फरक डोळ्याला दिसत नाही. त्याच्या बोटांना तो पुस्तकासारखा वाचता यायचा.

एकदा एक टॅक्सीवाला म्हणाला, "जरासं ढिलं वाटतंय." नाडीवाल्याने खिडकीतून हात घालून चक्र फिरवून बघितलं आणि म्हणाला, "हे स्टिअरिंग नाही, हा अर्ज आहे. मंजूर झाला तर गाडी वळेल." टॅक्सीवाल्याने ते गावभर केलं.

वर चक्रावर बसायची ती बहुतेक वेळा त्याची बायको. शेडच्या मागेच दोन खोल्या होत्या. "अगं, ये जरा" अशी हाक आली की ती निवडायची भाजी तशीच ताटात घेऊन यायची, ताट शेजारच्या सीटवर ठेवायची आणि एका हाताने चक्र हलवत दुसऱ्या हाताने शेंगा मोडायची. "हजारो गाड्या वळवल्या मी," ती म्हणायची, "पण एक हातभर पुढे नेली असेल तर शपथ." खालून तिला त्याचा फक्त आवाज यायचा. डावीकडे. उजवीकडे. थांब. हं. त्या 'हं'वरून तिला कळायचं की चोर सापडला.

त्याचा एक हट्ट होता. चांगला सांधा काढायचा नाही. बाकीचे गॅरेजवाले स्टिअरिंग ढिलं म्हटलं की सगळे सांधे सरसकट बदलून मोकळे होत. हा म्हणायचा, त्यांना बोटं नाहीत म्हणून ते असं करतात. झिजला तेवढाच काढायचा. त्याला त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान त्याने कधी लपवलाही नाही.

मग एका दुपारी, सत्तावन्नाव्या वर्षी, तो एका गाडीखाली पाना चाचपत होता आणि काहीतरी जळल्याचा वास आला. त्याने आधी वायर बघितली. मग फडकं बघितलं. शेवटी स्वतःचा हात बघितला. तो तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर निवांत टेकलेला होता.

रक्तातली साखर त्याला दहा वर्षांपासून होती. गोळ्या आठवण झाली तर घ्यायच्या, असा त्याचा हिशेब. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि हातात टाचणी घेतली.

"टोचतंय?"

"हो."

"मी अजून टोचलेलीच नाही," डॉक्टर म्हणाले. मग टाचणी खाली ठेवून म्हणाले, "नसा आहेत त्या. गेलं ते परत यायचं नाही. आहे ते टिकवायचं बघू."

घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, साखर थोडी वाढली आहे, बाकी काही नाही. हातावरच्या फोडाला तिने मलम लावलं. तो तिच्या बोटांकडे बघत राहिला, कारण बघितलं नसतं तर ती मलम लावते आहे हे त्याला कळलंच नसतं.

पुढचं वर्षभर त्याने वेळ मारून नेली. बोटांची टोकं गेली होती, पण मनगट अजून जागं होतं, कोपर जागं होतं. सगळ्यांत जागे होते गाल आणि ओठ. हे त्याला एकदा योगायोगानेच कळलं. मग तो खड्ड्यात उभा राहून, मान वाकडी करून सांध्यावर गाल टेकवायला लागला. खड्ड्यात कोण बघतंय? वरून आवाज यायचा, "झालं का हो?" आणि हा खाली एखाद्या तेलकट दांड्याला गाल लावून, लहान मूल उशीला बिलगतं तसा डोळे मिटून उभा असायचा.

"तोंडाने गाड्या चाटता की काय?" बायकोने एकदा विचारलं. "रोज गालाला ग्रीस."

"घाम पुसतो," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

गाल बाहेरच्या सांध्यांपर्यंत पोहोचायचा. आतल्या सांध्यांपर्यंत नाही. आतले दोन सांधे इंजिनाखालच्या आडव्या तुळईच्या वर, अडचणीत असतात. तिथे तोंड जात नाही, फक्त हात जातो. तिथे तो हात घालायचा, बोटं ठेवायचा, आणि काही जाणवायचं नाही. खरी मेख इथेच होती. चांगल्या सांध्यावर बोट ठेवलं तरी काही जाणवत नाही, आणि मेलेलं बोट कुठेही ठेवलं तरी काही जाणवत नाही. 'काही नाही' याचा अर्थ काय लावायचा, ते त्याच्यावर होतं. तो रोज आपल्या सोयीचा अर्थ लावत होता.

बाई आल्या त्या एका मंगळवारी सकाळी. बाई म्हणजे शाळेच्या बाई. नाडीवाला दुसरीत असताना त्या नव्यानेच शिकवायला लागल्या होत्या. आता बहात्तर वर्षांच्या होत्या, लग्न केलं नव्हतं, आणि धाकट्या भावाबरोबर राहत होत्या. भावाला सहा वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बाईंची गाडी त्या मुख्याध्यापक झाल्या त्या वर्षीची होती, म्हणजे कितीतरी जुनी. त्या गाडीतून आठवड्यात दोनदा भावाला व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं आणि रोज संध्याकाळी तळ्याला एक फेरी मारून आणायची, एवढंच तिचं काम. ती फेरी हा भावाच्या दिवसातला एकुलता एक कार्यक्रम होता. तो पुढच्या सीटवर बसायचा आणि काच खाली करून तोंडावर वारा घ्यायचा.

"अरे, ही हल्ली माझं ऐकतच नाही," बाई गाडीतून उतरत म्हणाल्या. "मी म्हणते सरळ, ती म्हणते थांबा, विचार करते. तुझ्यासारखीच. तुलाही सगळं दोनदा सांगावं लागायचं."

"आता एकदाच सांगितलं तरी चालतं, बाई."

"बघू."

भाऊ पुढच्या सीटवरच होता. त्याला खाली उतरवणं हा मोठा खटाटोप होता, म्हणून नाडीवाल्याची बायको चक्रावर त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या मांडीवर शेंगांचं ताट ठेवलं. तो डाव्या हाताने एकेक शेंग तिला देऊ लागला. बाई शेडच्या दाराशी स्टुलावर बसून हे बघत होत्या आणि हसत होत्या.

खाली नाडीवाल्याने बाहेरच्या दोन्ही सांध्यांना गाल लावला. दोन्ही खलास. उजवीकडच्या आधाराच्या दांड्याचं रबरी बुश कुजून चिंध्या झालेलं होतं, ते डोळ्यांनीच दिसत होतं. मग त्याने आत हात घातला. उजवीकडचा आतला सांधा. काही नाही. डावीकडचा आतला. काही नाही. वर चक्र टकटक हलत होतं. तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

"झालं का हो?" वरून बायको.

"हलव अजून."

त्याने मनगट लावून बघितलं, पण मनगट तिथे नीट पोहोचेना. पुन्हा बोटं ठेवली. काही नाही.

तो वर आला. "बाहेरचे दोन आणि एक बुश. आतले ठीक आहेत."

"सगळेच बदलून टाक ना," बाई म्हणाल्या. "एकदाचं होऊन जाऊ दे. पुन्हा पुन्हा याला घेऊन कुठे येऊ?"

इथे तो 'बरं' म्हणाला असता तर ही गोष्टच झाली नसती. नंतर त्याने हा क्षण किती वेळा डोळ्यांसमोर आणला असेल त्याला गणती नाही. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर बाई होत्या, बायको होती, आणि तीस वर्षं होती.

"चांगला दात कुणी उपटतं का, बाई?" तो म्हणाला.

बाईंना ते आवडलं. "बोलायला मात्र शिकलास हो," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुटे भाग आले. त्याने जुने सांधे काढले. गंजून घट्ट बसले होते. एका बाजूला जड हातोडा धरून दुसऱ्या बाजूने ठोकले तेव्हा कुठे निखळले. नवे बसवले, नट आवळले, नटात पिना घालून वाकवल्या. पिना वाकल्या आहेत की नाही ते बॅटरीच्या उजेडात तीन-तीनदा बघितलं, कारण हाताला कळत नव्हतं. बुश बदललं. चाकांचं तोंड सरळ केलं. चक्राचा चार बोटांचा ढिलेपणा दोन बोटांवर आला. बाईंनी तळ्यापर्यंत नेऊन आणली आणि खिडकीतूनच म्हणाल्या, "शहाण्यासारखी वागते आता." भावाने डावा हात वर केला.

नवव्या दिवशी संध्याकाळी तळ्याच्या वळणावर गाडीचं डावं चाक आपणहून बाहेरच्या बाजूला फिरलं. बाईंच्या हातात चक्र होतं, पण त्या चाकाशी त्याचा संबंध उरला नव्हता. वेग फारसा नव्हता. गाडी रस्ता सोडून छोट्या पुलाच्या कठड्यावर आदळली. भावाला किरकोळ खरचटलं. बाईंचा खुबा मोडला. दार दबलं होतं, त्यांना हलता येईना, आणि आवाज फुटेना. रस्त्यावर त्या वेळी कुणी नव्हतं. भावाने डावा हात लांब करून भोंगा दाबून धरला. वीसेक मिनिटं तो भोंगा वाजत होता. शेवटी पलीकडच्या शेतातून दोघं जण चिडून बघायला आले, की कोण हा ताप देतोय.

गाडी ओढून आणली ती नाडीवाल्याकडेच. दुसरीकडे कुठे आणणार? आणणारा म्हणाला, "म्हातारीचा तोल गेला असणार. या वयात गाडी चालवायची म्हणजे..." आणि निघून गेला.

नाडीवाला खड्ड्यात उतरला. या वेळी बोटांची गरजच पडली नाही. डावीकडचा आतला सांधा उघडा पडला होता. गोळी वाटीतून निसटून बाहेर लोंबत होती. वाटी गोल राहिलीच नव्हती, झिजून अंड्यासारखी लांबट झाली होती. असा सांधा एका दिवसात होत नाही, नऊ दिवसांतही होत नाही. ज्या दिवशी त्याने त्यावर बोटं ठेवली होती, त्या दिवशीही तो असाच होता. वर चक्र हलत होतं तेव्हा ती गोळी त्याच्या बोटांखाली खुळखुळत होती.

बायको बघायला आली तर तो खालीच बसलेला.

"काय झालं?"

त्याने आपले दोन्ही हात तिच्यापुढे धरले. "यांना काही कळत नाही," तो म्हणाला. "वर्ष झालं."

ती पायरीवर बसली. सगळं ऐकून घेतलं, गालाचंही. मग म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"शर्टाची बटणं तुम्ही बघून लावता. आधी कधी बघून लावत होता? मला वाटलं, तुम्ही सांगाल." ती पायरीवरून उठली. "मला वाटलं, गाड्यांच्या बाबतीत तरी तुम्ही असं करणार नाही."

तिने आवाज चढवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी तो दवाखान्यात गेला. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती. पांढऱ्या चादरीखाली त्या फार लहान दिसत होत्या. त्याला बघून त्यांनीच सुरुवात केली.

"अरे, चूक माझीच. मी ब्रेक उशिरा दाबला. नजर कमी झाली आहे माझी, कबूल करायला हवं."

त्या स्वतःवर घेत होत्या आणि त्याला फक्त मान डोलवायची होती. बायकोने निघताना सांगितलं होतं, तुम्हाला जे वाटेल ते करा, मी काही सांगणार नाही. तो खाटेच्या कडेला उभा राहिला आणि सांगायला लागला. सायलेन्सरच्या नळीपासून सांगितलं. डॉक्टरची टाचणी सांगितली. तुम्ही सगळे बदलून टाक म्हणालात आणि मी दाताचं बोललो, तेही सांगितलं.

बाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू शाळेतला झाला, पण रागावलेला नाही. गणित चुकलेल्या मुलाकडे बघताना व्हायचा तसा थकलेला.

"मग तू बोलला का नाहीस?"

उत्तर एवढंसं होतं की तोंडातून काढायची त्याला लाज वाटली.

"तो कुठे आहे आता, माहीत आहे तुला?" बाईंनी विचारलं. भावाबद्दल. "शेजाऱ्यांनी दोन दिवस बघितलं. आज सकाळी त्याला सेवासदनात नेऊन ठेवलं. वीस खाटांची खोली आहे. त्याला मीच भरवते रे. दुसऱ्याच्या हातचं तो खात नाही." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "जा आता."

तो गेला. पुढे सेवासदनातही गेला. भाऊ खिडकीपासून चौथ्या खाटेवर होता. नाडीवाल्याने डबा उघडून चमचा पुढे केला. भावाने त्याच्याकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं. नाडीवाला तीन आठवडे रोज जात राहिला. बायकोही दोनदा आली. तिच्या हातून भावाने चार घास खाल्ले. शेंगांची आठवण असेल. नाडीवाल्याच्या हातून एकही नाही.

बाईंची गाडी शेडमध्ये तशीच होती. एका रविवारी बायको म्हणाली, "ती नीट करून टाकू. निदान तेवढं तरी."

"कोण करणार? हे हात?"

"मी उतरते खाली. तुम्ही बसा वर."

तीस वर्षांत पहिल्यांदा तो चक्रावर बसला आणि ती खड्ड्यात उतरली. पदर खोचून, गुडघे सांभाळत. तो वरून सांगत होता, अर्धं बोट इकडे, अर्धं तिकडे, घाई करू नकोस. आणि चक्र हलवत होता.

"हा उजवीकडचा आतला," ती म्हणाली. "हा पण हलतोय."

"नीट बघ. गाडी आदळली आहे, धक्क्याने काही वेगळं..."

"अहो, मी आंधळी नाही. खुळखुळतोय. कुणालाही कळेल."

कुणालाही कळेल. त्याने चक्र सोडून दिलं. ज्या सांध्याला तो ठीक म्हणाला होता, तो दुसराही गेलेला होता. तेवढ्यावर तो थांबेना. या एका वर्षात आपण आणखी किती गाड्यांना ठीक म्हणालो, हा विचार डोक्यात शिरला आणि त्याने पाठ सोडली नाही.

दोघांनी मिळून बाईंच्या गाडीचे सगळे सांधे बदलले. तिच्या हातात जोर नव्हता आणि त्याच्या हातांना स्पर्श नव्हता. दोघांचे मिळून कसेबसे दोन हात झाले. चार दिवस लागले. शेवटच्या दिवशी तिला खड्ड्यातून वर येताना गुडघ्यात कळ आली आणि ती अर्ध्या पायरीवर बसून राहिली.

"हे काही रोज व्हायचं नाही माझ्याने," ती म्हणाली.

"नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो घरोघर फिरायला लागला. वर्षभरात ज्यांची ज्यांची स्टिअरिंगं त्याने बघितली होती त्यांची यादी बायकोने कागदावर उतरवली. एकूण अडतीस निघाले. दार वाजवायचं आणि सांगायचं, "तुमची गाडी दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या. आतले सांधे बघायला सांगा. मी बघितले होते, पण मला कळत नव्हतं." बेकरीवाल्याला आधी ती थट्टाच वाटली. टॅक्सीवाला, तोच अर्जवाला, आधी हसला आणि मग म्हणाला, "माझ्या गाडीत पोरं शाळेत जातात रे." त्याने दार लावून घेतलं. एका माणसाने त्याची गचांडी धरली. एका बाईने पाणी दिलं आणि बसा म्हणाली. ते गचांडीपेक्षा जड गेलं. अडतीसपैकी पाच गाड्यांचे आतले सांधे खरोखर गेलेले निघाले, हे त्याला नंतर कळलं. पाच जण वाचले, असं बायको म्हणाली. त्याला ते तसं मोजता आलं नाही.

यादी संपली तेव्हा धंदाही संपला. त्याने भाड्याची शेड वखारवाल्याला परत दिली. वखारवाल्याने खड्डा मातीने भरून वर फळ्यांची थप्पी लावली.

सेवासदनात तिसऱ्या महिन्यात भाऊ गेला. कागदावर छातीतला कफ असं लिहिलं होतं. बाई तेव्हा नुकत्याच वॉकर धरून चार पावलं टाकायला लागल्या होत्या. त्यांना नेऊन आणलं, पण त्या पोहोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं.

महिन्याभराने नाडीवाला गाडीची किल्ली घेऊन त्यांच्या घरी गेला. दार उघडायला त्यांना फार वेळ लागला. वॉकरचा ठक ठक आवाज आतून दारापर्यंत येताना तो ऐकत उभा होता.

"गाडी पूर्ण नीट झाली आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या गॅरेजवाल्याकडून तपासून घेतली. सगळे सांधे नवे आहेत."

"मला आता काय करायची?" बाई म्हणाल्या. "पाय उचलत नाही. आणि न्यायचं कुणाला?" त्यांनी किल्ली घेतली नाही. "तूच ठेव."

"मला चालवता येत नाही, बाई. आता पायांनाही कळत नाही. ब्रेकवर पाय आहे की नाही, ते खाली बघावं लागतं."

"आणि तुझी बायको?"

"ती कधी शिकलीच नाही."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या हसतील असं त्याला क्षणभर वाटलं, पण त्या हसल्या नाहीत. "बस," त्या म्हणाल्या. तो बसला. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. अर्धा तास दोघं बसून होती. भिंतीला टेकवलेली भावाची चाकाची खुर्ची अजून तिथेच होती. मग बाई म्हणाल्या, "अंधार पडायच्या आत नीघ, वाटेत उकरून ठेवलंय," आणि तो उठला. गाडी पुढे एका दूरच्या गावच्या माणसाने विकत नेली. किल्ली देताना नाडीवाल्याने त्याला काय काय बदललं ते सांगायला सुरुवात केली, पण त्याला घाई होती.

आता तो एका मोठ्या दुकानाच्या वाहनतळावर फाटकाशी बसतो. दिवसभर गाड्यांना चिठ्ठी द्यायची, जाताना परत घ्यायची. चिठ्ठी बोटांतून गळून पडते म्हणून त्याने ती कपडे वाळत घालायच्या चिमट्यात अडकवून पुढे करायची सवय लावून घेतली आहे. लोकांना ते विचित्र वाटतं. इथे त्याला नाडीवाला म्हणणारं कुणी नाही. काका म्हणतात.

संध्याकाळी तो घरी येतो तेव्हा बायको त्याला दाराशीच खुर्चीवर बसवते, बूट काढते आणि दोन्ही तळवे उजेडाकडे वळवून निरखून बघते. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलं आहे. परवा डाव्या पायाचा मोजा लाल झाला होता. बूट उपडा केल्यावर हरभऱ्याएवढा टोकदार खडा खाली पडला. तळव्यावर त्याने चांगली खोक पाडली होती.

"सकाळपासून आहे का हा?" तिने विचारलं.

"असेल," तो म्हणाला.

तिने पाणी आणि कापूस आणला आणि जखम धुवायला बसली. तो वाकून बघत राहिला.